लवू घाडीचा बारा इंची सबवूफर

हे कोणी खरं मानणार नाही. मानावं असा आग्रहही नाही, कारण ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेही दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एकमेकांना विचारत होते की काल आपण नेमकं काय पाहिलं. पण लालबागच्या लवू घाडीने होम थिएटरचे पुढचे दोन स्पीकर ओठ वाचून निवडले, सबवूफर पायांनी निवडला, आणि जो सबवूफर भिवंडीच्या गोदामातून निघालाच नव्हता त्याच्या दणक्याने एकोणिसाव्या मजल्यावर अकरा माणसांच्या बरगड्या हलवल्या. हे सगळं लवूच्या वयाइतकं खरं आहे. आता लवू आपलं वय दर वर्षी वेगळं सांगतो, हा त्याचा प्रश्न.

सगळ्याचं मूळ एक भिंत. चाळ पाडून टॉवर उभा राहिला तेव्हा लॉटरीत लवूला एकोणिसाव्या मजल्यावरची एक खोली-हॉल मिळाली आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून मिळाला जगदीश मोहिते. दोघे एकाच मिलमध्ये, एकाच साचेखात्यात, शेजारशेजारच्या मागांवर अकरा वर्षं उभे राहिलेले. लवूचा माग जगदीशच्या मागाशी शर्यत लावायचा असं लवू सांगायचा. जगदीश म्हणायचा, माग नाही, मालक शर्यत लावायचा.

चाळीत एक गोष्ट मात्र निर्विवाद लवूची होती, ती म्हणजे गॅलरी. संध्याकाळ झाली की गॅलरीच्या कठड्याला टेकून लवू गोष्ट सुरू करायचा आणि माणसं जेवणं लांबवायची. देवगडच्या खाडीत त्याने शेपटीला धरून परत पाठवलेला मुशी मासा, बॉयलरच्या नळीत बाळंत झालेली नागीण, रात्रपाळीत एकटाच चालू राहून बावीस वार धोतर विणणारा माग. खालच्या मजल्यावरचा बुधाजी तर गोष्ट संपेपर्यंत विडी पेटवायचाही नाही, फक्त ओठांत धरून बसायचा. टॉवरमध्ये गॅलरीच नव्हती. तरी पहिले काही महिने माणसं लवूच्या हॉलमध्ये यायची, बसायची, ऐकायची.

मग एप्रिलमध्ये, जयंतीच्या आदल्या दिवशी, जगदीशच्या मुलाने, सम्यकने, घरात होम थिएटर आणलं. मोठा टीव्ही, पुढे दोन स्पीकर आणि कोपऱ्यात एक काळा चौकोनी ठोकळा, नुसते दणके देणारा सबवूफर. दर रविवारी पाचला पिक्चर. पहिल्या रविवारी लवूही गेला. पिक्चरमध्ये समुद्र दिसला तसा त्याने मुशी मासा काढला. शेपटीला हात घातला, आणि बुधाजी म्हणाला, "लवूदा, जरा थांब. आता तोफ आहे."

अख्ख्या आयुष्यात लवूला कोणी थांब म्हणालं नव्हतं. मिलचा मुकादम, जॉबर, म्हणाला होता, पण तो पगार द्यायचा.

तोफ उडाली. तो काळा ठोकळा असा काही घुमला की बुधाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. लवूने हातातला शेंगदाणा मुद्दाम खाली टाकला, तो शोधायच्या निमित्ताने वाकला आणि ठोकळ्याच्या गोल तोंडावर वीत ठेवली. एक वीत आणि दोन बोटं, म्हणजे दहा इंच. वर पाहिलं तर खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसलेला जगदीश ओठ हलवत होता. आवाज नाही, नुसते ओठ: "मापून झालं काय रे, लव्या?"

हे इथे सांगायला हवं. साचेखात्यात शेकडो माग एकदम ठोकत असताना माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. साचेवाले नुसत्या ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. लवू आणि जगदीश अशा पद्धतीने अकरा वर्षं भांडले होते आणि एकदाही कोणाला कळलं नव्हतं. ही विद्या फक्त साचेवाल्यांची, याचा लवूला फार अभिमान. जगदीशची बायको राधा त्याच मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रांवर होती, तिच्यासमोरच तो म्हणायचा, "वाइंडिंगमध्ये काय गो वहिनी, देवळासारखं शांत!" राधा शेंगा सोलता सोलता म्हणायची, "हो ना भावजी, अगदी देवळासारखं."

त्या रविवारनंतर लवू शेजारी गेला नाही. पण भिंत सहा इंचांची. पाच वाजले की पलीकडून धुम् यायचं आणि अलीकडे लवूच्या चहात लाट उठायची. लवू बशी हातात धरून लाटा मोजायचा. सप्टेंबर येईपर्यंत त्याचा जळफळाट इतका वाढला की त्याच्या बायकोने, मीराबाईने, म्हणे एकदा गॅस न पेटवता त्याच्या टाळूवर चार पापड भाजले. मीराबाई हे नाकारते. पापड भाजलेले होते हे मात्र नाकारत नाही.

"अवो, तुम्ही पन जावा ना पलीकडे," ती म्हणाली. "सगळी मान्सां गेली हत."

"माणसं माझी आहेत," लवू म्हणाला. "त्याने फक्त पळवली हत. परत आणतो बघ. दहा इंचांनी गेली ना? बारा इंचांनी आणतो."

पुढच्या आठवड्यात लवू मुलाला, विनीतला, घेऊन लॅमिंग्टन रोडला गेला. प्रफुल्लभाईंच्या दुकानाच्या माळ्यावर खाली लाकडी फळ्या ठोकलेली एक खोली होती, भिंतींना जाड पडदे, आणि तिथे स्पीकर वधूवरांसारखे ओळीने मांडलेले.

"काका, हॉल केवढा?" प्रफुल्लभाईंनी विचारलं.

"दहा बाय चौदा," विनीत म्हणाला.

"मग टॉवर स्पीकर नको. पुढे ही बुकशेल्फची छोटी जोडी, आणि आठ इंची सब. खोलीला पुरून उरेल."

"शेजाऱ्याकडे दहा इंची असेल तर?" लवूने विचारलं.

"शेजाऱ्याचं काय काका? तुमच्या खोलीला आठ बस झालं."

"खोलीला झालं, मला नाही होणार. बारा दाखवा. पण आधी पुढचे बघू."

प्रफुल्लभाईंनी बासरी लावली. "ऐका, वरचे सूर कसे चमकतात."

लवू बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "लावा ना."

विनीतने जमिनीकडे पाहिलं. मागांनी लवूच्या कानातले वरचे सगळे सूर केव्हाच खाऊन टाकले होते. कुकरची शिट्टी, मोबाईलची घंटी, चिमण्या, यातलं काही त्याला ऐकू येत नसे. चिमण्या मुंबई सोडून गेल्या अशी त्याची समजूत होती. पण दुकानदारासमोर हे कबूल करेल तो लवू कसला. तो पुढे झाला आणि बोटाने स्पीकरवरची जाळी ठोकली.

"हे काढा."

"जाळी? कशाला काका?"

"तोंडावर फडका बांधून कोण बोलतं?"

जाळ्या निघाल्या. लवूने बासरी बंद करून बातम्या लावायला सांगितल्या आणि दोन फुटांवर उकिडवा बसून स्पीकरच्या काळ्या पडद्यांकडे डोळे बारीक करून पाहू लागला. पडदे थरथरत होते. लवू ते वाचत होता.

"ही जोडी बोबडी," तो म्हणाला. "'भ' म्हणताना ओठ मिटत नाहीत. पुढची लावा."

पुढची लावली. "हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. डावा बाहेर येतो तेव्हा उजवा आत जातो. नवरा-बायको भांडल्यासारखे."

प्रफुल्लभाई हसले, मग हसता हसता मागे जाऊन पाहून आले. एका स्पीकरच्या तारा खरोखर उलट्या लागल्या होत्या, लाल तिथे काळी. सकाळपासून सात गिऱ्हाइकांनी तीच जोडी कानांनी ऐकली होती आणि वाखाणली होती. प्रफुल्लभाईंनी लवूला खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्यानंतर स्वतः काही सुचवलं नाही.

तारा सरळ केल्यावर तीच जोडी लवूने घेतली. "आता समेट झाला," तो म्हणाला. "स्वच्छ बोलतायत."

सबवूफरसाठी त्याने चपला काढल्या. साचेखात्यात जुना जॉबर अनवाणी चालायचा आणि कुठल्या मागाचा धोटा चुकीचा बसतोय हे टाचेने ओळखायचा. लवू तसाच त्या फळ्यांवर फिरला. पहिल्या सबचा दणका नुसता बोटांत आला. "हा दारातूनच परत गेला." दुसऱ्याचा घोट्यापर्यंत. "बरा आहे. भाडेकरू म्हणून ठेवीन." तिसरा बारा इंची होता. त्याने टाचेतून शिरून गुडघा ओलांडला, कंबरेला वळसा घातला आणि मानेवरच्या केसांना हलवून तो निघून गेला. लवूने डोळे मिटले. त्याला बुधाजी दिसला, ओठांत न पेटवलेली विडी धरलेला.

तिथूनच त्याने फोन लावला. "बुधाजी, रविवारी पाचला सगळे माझ्याकडे. बारा इंची आहे. बारा! जग्याला पण सांग. त्याला तर आधी सांग."

फोन खिशात ठेवला तेव्हा प्रफुल्लभाई म्हणाले, "काका, हा दाखवायचा नग आहे. तुमचा भिवंडीच्या गोदामातून येईल. स्पीकर शनिवारी, सब मंगळवारी."

विनीत म्हणाला, "बाबा, आपण पुढच्या रविवारी ठेवू. सगळ्यांना सांगतो मी."

"काय सांगशील? लवू घाडीचा सबवूफर अजून भिवंडीत आहे? तो जग्या हसेल आणि ते हसू मला भिंतीतून ऐकू येईल."

शनिवारी पुढचे स्पीकर आले. रविवारी दुपारी लवूने पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली.

"खंय नेतास ती?" मीराबाईने विचारलं. "माझ्या गोधड्यो हत तिच्यात!"

"गोधड्या आतच राहू दे. आज त्यांना मान आहे."

ट्रंक कोपऱ्यात उभी राहिली, तिच्यावर काळं कापड आलं, समोरच्या बाजूला मीराबाईच्या तव्याएवढा गोल खडूने आखला गेला. तवा खरोखरच होता, कापडाच्या आत बांधलेला. मागून एक तुटकी वायर सोडली. दोन पावलं मागे जाऊन लवूने पाहिलं. जगदीशच्या ठोकळ्याच्या दीडपट दिसत होता.

पाचला माणसं जमली. अकरा. राधा कांदाभज्यांची ताटली घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यांचा गुडघा दुखतोय, नंतर बघतो म्हणालेत." लवूला आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. ज्याला जाळायचं तोच आला नव्हता.

"केवढा हा!" बुधाजी ट्रंकेकडे बघत म्हणाला.

"हात लावू नको. गरम असतो," लवू म्हणाला.

लढाईचा एक जुना हिंदी पिक्चर लागला. पुढची जोडी छान बोलत होती, माणसं माना हलवत होती. लवूचं पिक्चरकडे लक्ष नव्हतं. पहिली तोफ यायला चार मिनिटं होती आणि तेव्हा काय सांगायचं हे तो मनात जुळवत होता. अजून नवा आहे, घसा बसलाय, असं काहीतरी. पडद्यावर शिपायाने मशाल टेकवली. उजेड झाला.

आणि मग धुम् झालं.

फरशी हलली. ताटलीतलं एक भजं घरंगळलं. बुधाजी छातीवर हात ठेवून म्हणाला, "आई शप्पथ! लवूदा!"

सगळ्यांनी ट्रंकेकडे पाहिलं. लवूनेही पाहिलं, आणि दोन क्षण त्याला स्वतःलाच वाटलं की गोधड्यांत काहीतरी आहे. पण तो अनवाणी होता. पायांना फसवता येत नाही. दणका कोपऱ्यातून आला नव्हता, भिंतीकडून आला होता. तो टाचेत शिरून घोट्यावर थांबला होता. तो दहा इंची होता. तो जगदीशचा होता.

लवूच्या पोटात जे पेटलं ते आधीच्या जळफळाटाहून निराळं. आपल्या घरात, आपल्या पाहुण्यांपुढे, आपल्या ट्रंकेच्या नावावर शेजाऱ्याचा दणका, आणि वाहवा घ्यायला आपणच! नाकारावं तर ट्रंक उघडी पडते. स्वीकारावं तर जग्याचं देणं जन्मभर भिंतीपलीकडे बसणार.

दुसरी तोफ उडाली. उजेड झाला आणि धुम् जरा उशिरा आलं.

"लवूदा," कोणीतरी म्हणालं, "आवाज मागून येतोय का रे?"

"येणारच!" लवू म्हणाला. "वीज आधी दिसते की आधी ऐकू येते? नकली सबवूफरचा आवाज बरोबर येतो. असली असेल तर तो अंतर चालून येतो. ती तोफ तिकडे डोंगरावर आहे, इथे लालबागला यायला वेळ नाही लागणार?"

माना हलल्या. पुढच्या दृश्यात नायिका एकटी खिडकीत रडत होती आणि तेवढ्यात दोनदा धुम् धुम् झालं.

"हे काय?" बुधाजीने विचारलं.

"तिच्या काळजाचे ठोके," लवू शांतपणे म्हणाला. "दहा इंचांवर ऐकू येत नाहीत."

तेवढ्यात उघड्या दारात जगदीश दिसला. एक खांदा चौकटीला टेकलेला, एक हात मागे पॅसेजमध्ये, जिथून त्याच्या स्वतःच्या घराचं दार दोन पावलांवर होतं. त्याने कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे पाहिलं, कापडाखालच्या तव्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले, आवाज न करता:

"गोधड्या चांगल्या वाजतायत."

"तुझं काम काय इथे?" लवूचे ओठ म्हणाले.

"विनीत आला होता दुपारी. बाबांची इज्जत जाईल म्हणाला. सम्यकने तोच पिक्चर लावलाय, पुढचे स्पीकर बंद करून. थोडा मागेपुढे होतोय."

लवूने मुलाकडे पाहिलं. विनीत फार मन लावून पिक्चर बघत होता.

"मला नको तुझं काही," लवूचे ओठ म्हणाले. "बंद कर."

"करू?" जगदीशने सम्यकला खूण करायला मागचा हात उचलला.

"नको!"

हे सगळं अकरा माणसांच्या डोक्यांवरून चाललं होतं आणि डोकी पिक्चरमध्ये होती. लवूला वाटलं तरी होतं तसं. बुधाजीने मधेच मान वळवली. "लवूदा, पण हा मिळाला कुठे असा? दुकानात तर नसेल."

लवूने घसा साफ केला. पोटातली आग अशी एकदम वर आली आणि तिला तोंड सापडलं.

"दुकानात?" तो म्हणाला. "हा दुकानातला नाही. तुला आपल्या मिलचा भोंगा आठवतो, बुधाजी?"

"सातचा?"

"सातचा. पहाटे वाजला की वडाळ्याची मिठागरं जागी व्हायची. मिल पाडली तेव्हा भोंगा भंगारात गेला असं आपल्याला सांगितलं. खोटं. तो उतरवायला चौदा माणसं चढली, तर आतमध्ये अजून आवाज शिल्लक होता. चाळीस वर्षांचा साचलेला. भंगारवाला कापायला गेला, तो भोंगा एकदा असा कण्हला की भोईवाड्याच्या कोर्टात जज्जसाहेब पायावर पाणी सांडून उभे राहिले. मग कोणी हात लावेना. भिवंडीला एका गोदामात तो बावीस वर्षं पडून होता, घोंगडी गुंडाळून. मी गेलो. हात ठेवला. त्याने मला ओळखलं. त्याचं तोंड कापून, बरोबर बारा इंच, हे ह्यात बसवलंय."

कोणीतरी रिमोटने टीव्हीचा आवाज कमी केला. लवूने ते पाहिलं. मग एक खुर्ची वळली, मग दुसरी. अकरा पाठी टीव्हीकडे झाल्या आणि अकरा तोंडं लवूकडे. बुधाजीने खिशातून विडी काढली, ओठांत धरली आणि पेटवली नाही.

पाच महिने लवू ह्याच क्षणासाठी जळत होता. आता त्याला फक्त एक गोष्ट हवी होती, आणि ती भिंतीपलीकडे होती.

"आणि तो अजून सातला वाजतो," लवू हळू आवाजात म्हणाला. "रोज नाही. आपली माणसं जमली तरच. थांबा, सात वाजतच आलेत. आता ऐका."

असं म्हणून त्याने सगळ्यांच्या डोक्यांवरून दाराकडे पाहिलं आणि गिळायला जड जाईल अशी गोष्ट नुसत्या ओठांनी उच्चारली:

"जग्या. एकदा मोठा दे. एकदाच."

जगदीशने ओठ हलवले, "ट्रंकेचा आवाज पूर्ण वाढवू?" आणि मागचा हात पॅसेजमध्ये जॉबरसारखा उंच केला.

इतक्यात राधाने भज्यांची ताटली खाली ठेवली. ती बराच वेळ ना टीव्हीकडे बघत होती ना ट्रंकेकडे. नवऱ्याच्या तोंडाकडून लवूच्या तोंडाकडे आणि परत, कॅरमच्या सोंगट्या बघाव्यात तशी बघत होती.

"काय हो लवूभावजी," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आमचं वाइंडिंग देवळासारखं शांत होतं ना? तिथे आम्ही बायकाही अशाच बोलायचो. गोधड्यांच्या ट्रंकेचा आवाज वाढवायला माझ्या नवऱ्याला असं चोरून कशाला सांगता? मोठ्याने सांगा की, भिंतीपलीकडे सम्यकला ऐकू जाईल!"